मॅनरिझम ओळखायचा असेल, तर आधी वजन कुठे जातंय ते पाहा

प्रश्न आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: प्रबोधनकाळाच्या शेवटच्या टप्प्यातल्या मॅनरिझमची वैशिष्ट्यं म्हणून पुस्तकात लांबवलेल्या माना, विचित्र रंग, पिळलेली शरीरं, तुटलेली पेडिमेंट (दार-खिडकीवरचे त्रिकोणी माथे) अशी यादी असते. यादी पाठ होते, पण चित्र किंवा इमारत समोर आली की हे मॅनरिस्ट की त्यानंतरच्या बरोक शैलीचं, ते सांगता येत नाही. शिवाय हा काळ म्हणजे रॅफेलनंतरची उतरण होती का, हेही तिने विचारलं आहे.

मी वास्तुविशारद आहे आणि बरीच वर्षं वास्तुकलेचा इतिहास शिकवतो, त्यामुळे माझं उत्तर इमारतींकडे झुकणार, हे आधीच सांगून ठेवतो.

यादी खोटी नाही. अडचण एवढीच की त्या यादीतलं प्रत्येक लक्षण प्रत्येक कामात सापडत नाही. फ्लॉरेन्सचा चित्रकार ब्रोंझिनो याच्या व्यक्तिचित्रांत कोणी पिळवटलेलं नसतं. माणसं काठी गिळल्यासारखी ताठ बसलेली असतात. फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयाच्या प्रवेशदालनात रंग म्हणाल तर दोनच, पांढरा गिलावा आणि करडा दगड. तरी दोन्ही मॅनरिझमची अस्सल उदाहरणं. म्हणून वर्गात मी यादी बाजूला ठेवायला सांगतो आणि एकच प्रश्न विचारायला लावतो: इथे वजन कुठून निघतं आणि कुठे पोचतं?

पंधराव्या शतकातल्या इटलीने हेच तर मोठ्या कष्टाने कमावलं होतं. चित्रातला माणूस जमिनीवर खरोखर उभा वाटावा, आणि इमारतीतला प्रत्येक खांब काय उचलतो ते बघणाऱ्याला नुसत्या नजरेने कळावं. रोममधलं ब्रामान्तेचं तेम्पिएत्तो, १५०२ च्या सुमाराचं, घ्या. घुमट, त्याखालचं गोल पिंप, त्याभोवती खांबांचं कडं, खाली पायऱ्या. वरचं वजन पायरीपायरीने खाली उतरतं आणि कुठेही शंका राहत नाही. चित्रात हेच पाहायचं तर रॅफेलने १५०७ मध्ये पेरुजाच्या बालिओनी घराण्यासाठी काढलेलं, येशूचं शव वाहून नेतानाचं चित्र पाहा. ते आज रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात आहे. शव उचलणारे मागे रेलले आहेत, दंड ताठ झालेत, पाय रोवलेत, खालचं कापड ताणलं गेलंय. मेलेलं शरीर जड असतं, हे त्या चित्राकडे पाहताना आपल्या खांद्यांना कळतं.

आता वीसेक वर्षं पुढे या. १५२५ ते १५२८ च्या दरम्यान पोन्तोर्मोने फ्लॉरेन्सच्या सान्ता फेलिचिता चर्चमध्ये, काप्पोनी घराण्याच्या चॅपलमध्ये, जवळपास तोच प्रसंग रंगवला. तीन मीटरहून उंच फळी. क्रूस नाही, शिडी नाही, थडगं नाही. जमीन म्हणावी तर खाली एवढासा तुकडा, वर एकुलता ढग. माणसं एकमेकांवर रचल्यासारखी वरपर्यंत चढत गेलीत, पण मागची माणसं कशावर उभी आहेत ते शोधून सापडत नाही. शवाचा पायांकडचा भार खांद्यावर घेणारा तरुण चवड्यांवर उकिडवा बसलाय. त्या अवस्थेत रिकामी घागर उचलतानाही माणूस कोलमडेल. हा मात्र मान वळवून आपल्याकडे पाहतोय. चेहऱ्यावर श्रम नाहीत, भांबावलेपण आहे. फिकट गुलाबी, निळा, हिरवट, नारिंगी अशा रंगांतले कपडे काही ठिकाणी कातडीसारखे अंगाला चिकटलेत, त्यामुळे कपडा कुठे संपतो आणि शरीर कुठे सुरू होतं ते कळत नाही.

त्याच शतकात कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीला हे चित्र फारसं रुचलं नव्हतं. उजेड, मधली छटा आणि सावली यांतला फरकच कळेनासा झालाय, अशी त्याची तक्रार. तक्रार बरोबर आहे, फक्त ती दोष म्हणून वाचायची की हेतू म्हणून, हा प्रश्न उरतो. सावली म्हणजे चित्रातलं वजन. सावली काढून घेतली की शरीर तरंगायला लागतं, आणि पोन्तोर्मोला नेमकं तेच हवं होतं, असं मला वाटतं. एक व्यवहाराचा मुद्दाही आहे. ते चॅपल अंधारं आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात गडद सावल्यांचं चित्र गिळलं गेलं असतं. हे फिकट रंग तिथे अक्षरशः उजळतात. मोबाइलवर हे चित्र पाहून 'रंग भडक आहेत' असं लिहिणाऱ्यांनी हा अंधार हिशेबात धरायला हवा. (पोन्तोर्मो माणूसही वल्ली होता. म्हातारपणी त्याने ठेवलेली रोजनिशी शिल्लक आहे. त्यात सान लोरेन्झो चर्चमधल्या कामाच्या नोंदी आहेत आणि त्यांच्या जोडीला आज काय जेवलो, पोट कसं आहे, याही.)

पार्मिजानिनोची लांब मानेची मॅडोना तुमच्या पुस्तकात असणारच. १५३४ मध्ये पार्मातल्या एका चॅपलसाठी सांगितलेलं हे काम. १५४० मध्ये चित्रकार गेला तेव्हा अपुरंच होतं. सगळे मानेबद्दल बोलतात. मी म्हणतो, मांडीकडे पाहा. मॅडोना बसली आहे की उभी आहे? ठरवता येत नाही. झोपलेलं, वयाच्या मानाने फारच मोठं बाळ तिच्या मांडीवरून घसरायला लागलंय, आणि तिचा हात त्याला सावरण्याऐवजी स्वतःच्या छातीशी टेकलाय. मागे एक उंच, गुळगुळीत खांब. त्याच्या डोक्यावर काहीच नाही. खांबाशेजारी हातात गुंडाळी घेतलेला एक माणूस, इतका छोटा की तो दूर आहे की ठेंगणा आहे हा वाद अजून चालूच आहे. काही भाग चित्र अपुरं राहिल्यामुळे तसा असेल, मान्य. पण मधोमध घसरणारं बाळ पूर्ण रंगवलेलं आहे, आणि ते काही विसरून राहिलेलं नाही.

इमारतींकडे वळू, कारण तिथे हा खेळ जास्त धिटाईचा आहे. चित्रात माणूस तरंगला तर कोणाच्या डोक्यावर पडत नाही.

मांतुआच्या वेशीबाहेर पालात्सो ते नावाचा एकमजली वाडा आहे. फेदेरिको गोन्झागाने तो मौजेसाठी बांधून घेतला, जिथे आधी त्याचे घोड्यांचे तबेले होते तिथे. काम १५२५ च्या सुमारास सुरू झालं आणि दहाएक वर्षं चाललं. वास्तुकार जुलिओ रोमानो, रॅफेलचा लाडका शिष्य. म्हणजे नियम त्याला तोंडपाठ होते. आतल्या चौकात उभं राहिलं की पहिल्या नजरेला सगळं भारदस्त डॉरिक वाटतं: जाड अर्धस्तंभ, त्यावर आडवा पट्टा. मग लक्षात येतं की पट्ट्यातले काही ठोकळे खाली सरकलेत.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. डॉरिक पद्धतीत खांबांवरच्या पट्ट्यात ठरावीक अंतरावर ट्रायग्लिफ नावाचे ठोकळे येतात. पूर्वी देवळं लाकडाची होती तेव्हा तुळयांची टोकं जिथे बाहेर येत, त्यांची ही दगडातली आठवण, असं रोमन काळापासून मानलं गेलं. म्हणजे ट्रायग्लिफ घसरला याचा अर्थ तुळई घसरली, आणि तुळई घसरली तर छप्पर कशावर आहे? जुलिओने चौकाच्या पूर्व आणि पश्चिम बाजूंना प्रत्येक दोन खांबांच्या मधोमध असलेला ट्रायग्लिफ खाली ढकललाय. दोन खांबांच्या मध्ये आधार सर्वांत कमी असतो, तिथेच. इमारत पडायला आली आहे हे नाटक त्याने नेमक्या त्या जागी रचलं, जिथे खरोखर पडायची झाली तर ती पडली असती. वास्तुविशारद म्हणून मला या गोष्टीचं फार हसू येतं आणि कौतुकही वाटतं.

अजून पाहा. खिडक्या-कोनाड्यांवरचे ओबडधोबड मधले दगड इतके मोठे की वरच्या त्रिकोणी पेडिमेंटला ढुशी देतात. आणि हे सगळं 'दगडकाम' बहुतेक विटांचं आहे, वरून चुन्याच्या गिलाव्यात दगडाचा आव आणलेला; मांतुआच्या आसपास चांगला दगड नव्हता. त्यामुळे जे अवजड दिसतं तेच तिथे सगळ्यांत खोटं. उत्तरेकडच्या दर्शनी भागात भित्तिस्तंभांमधली अंतरं सारखी नाहीत. तिथे जुन्या तबेल्याच्या भिंती सामावून घ्यायच्या होत्या. दुसऱ्या कोणी ती असमानता लपवली असती, जुलिओने ती चालीसारखी मिरवली. सेर्लिओ हा त्याच काळातला वास्तुलेखक या वाड्याबद्दल लिहितो की इथे काही भाग निसर्गाचा वाटतो आणि काही कारागिराचा, आणि असं मिश्रण डोळ्याला सुखावतं. समकालीन जाणकाराला यात गोंधळ दिसला नाही, गंमत दिसली, हे ध्यानात ठेवा.

आत राक्षसांचं दालन आहे, १५३२ ते १५३५ च्या दरम्यान रंगवलेलं. भिंती आणि छत यांच्यात चौकट, पट्टी, कोपरा काहीच ठेवलेलं नाही. सगळीकडून एकच चित्र. वर ज्युपिटर वीज फेकतोय आणि खाली, तुमच्या चारी बाजूंना, खांब आणि डोंगर राक्षसांच्या अंगावर कोसळतायत. बाहेर चौकात एक ठोकळा घसरला होता. इथे अख्खी इमारत. दोन्ही एकाच माणसाने, एकाच मालकासाठी केलं. मला हा दोन अंकी विनोद वाटतो. तुमच्या पुस्तकात याला 'अस्वस्थतेचं प्रतीक' म्हटलं असेल, तर मी सहमत नाही.

दुसरी इमारत मात्र विनोदाची नाही. फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो मठात पोप सातव्या क्लेमेंटने मेदिची घराण्याच्या पुस्तकांसाठी ग्रंथालय बांधायला काढलं आणि ते मायकेलँजेलोला दिलं; सुरुवात १५२४ ची. ग्रंथालय मठाच्या आधीच उभ्या असलेल्या इमारतीवर चढवायचं होतं. खालच्या भिंतींवर जास्त भार टाकता येत नव्हता. विद्यार्थी ही अट विसरतात आणि मग सगळं 'भावनिक' होऊन बसतं.

प्रवेशदालनात शिरलं की तुम्ही एका उंच विहिरीच्या तळाशी आहात असं वाटतं. चारी बाजूंना खांब जोडीजोडीने उभे आहेत, पण भिंतीच्या पुढे नाहीत. भिंतीत कोरलेल्या खाचांत मागे ढकललेले, कपाटात ठेवल्यासारखे. खांबांच्या जोड्यांमधली भिंतच पुढे आलेली. प्रत्येक जोडीखाली गुंडाळीच्या आकाराचे मोठे ब्रॅकेट. वर खिडक्यांच्या चौकटी, पण आत खिडकी नाही, कोनाडा. आणि त्या चौकटींचे भित्तिस्तंभ खाली येताना निमुळते होतात, म्हणजे जिथे रुंद हवेत तिथे अरुंद. नियम माहीत असलेल्या माणसाला इथे गुदमरायला होतं. खांब कैद, भिंत मोकळी.

आता खरी गंमत. छेद काढून पाहिलात तर ते 'कैद' खांब निरुपयोगी नाहीत. त्यांच्यावरून वरचा भार खरोखर उतरतो, आणि पुढे आलेली भारदस्त भिंत ही त्यांच्यामधली भरणी आहे. विसाव्या शतकात रुडॉल्फ विटकोवर या अभ्यासकाने हे बारकाईने दाखवलं. उलट ते ब्रॅकेट, जे जिवाच्या आकांताने खांब पेलताना दिसतात, ते काहीच पेलत नाहीत. काम करणारा निष्क्रिय दिसतो आणि निष्क्रिय असलेला घाम गाळताना दिसतो. जुलिओने वजनाचं नाटक केलं, मायकेलँजेलोने वजनाबद्दल आपल्या डोळ्यांची थेट फसवणूक केली. मॅनरिझमचा सगळा विस्तार या दोन टोकांमध्ये कुठेतरी बसतो, असं मी मानतो.

मधला जिना वेगळीच कथा आहे. १५३४ मध्ये मायकेलँजेलो फ्लॉरेन्स सोडून रोमला गेला तो परतलाच नाही, जिना तसाच राहिला. १५५५ मध्ये वासारीने विचारणा केली तेव्हा त्याने उत्तर पाठवलं की असा एक जिना स्वप्नात पाहिल्यासारखा आठवतोय खरा. शेवटी त्याने एक छोटी मातीची प्रतिकृती धाडली आणि १५५९ मध्ये अम्मान्नातीने त्यावरून जिना बांधला. मायकेलँजेलोला तो अक्रोडाच्या लाकडात हवा होता, झाला दगडात. मधल्या पायऱ्या फुगीर, लंबगोल, वरून खाली सांडत आल्यासारख्या; दोन बाजूंना सरळ पायऱ्यांच्या ओळी, ज्या वरपर्यंत न जाता वाटेतच मधल्या जिन्याला मिळतात. दालनाची जवळजवळ सगळी जमीन त्यानेच खाल्ली आहे. आणि हे सगळं ओलांडून आत गेलात की वाचनकक्ष लांब, शांत, शिस्तीचा. ताण दारापाशी ठेवून दिलेला.

बाकी उदाहरणं भराभर सांगतो. रोममधलं पेरुत्सीचं पालात्सो मास्सिमो, १५३२ पासूनचं: दर्शनी भाग रस्त्याच्या वळणाबरोबर वळलेला, खाली खांबांमागचा गडद व्हरांडा आणि वर कागदासारखी सपाट भिंत, म्हणजे भरीव भाग पोकळीवर. फ्लॉरेन्समधल्या उफिझी इमारतीच्या एका दारावर बुओन्तालेन्तीने पेडिमेंटचे दोन अर्धे तोडून पाठीला पाठ लावून ठेवलेत, पंखांसारखे दिसतात. फेदेरिको झुक्कारीने रोममधल्या आपल्या घराच्या दार-खिडक्यांना राक्षसाच्या जबड्याचा आकार दिला. हे शेवटचं मला जरा बालिश वाटतं. नियमच नसेल तर मोडणार काय?

आणि हाच मुद्दा महत्त्वाचा. ही सगळी कला जाणकारांसाठी होती. गवई समेवर येतो येतो असं दाखवून हुलकावणी देतो, तेव्हा हातावर ठेका धरून बसलेलाच दाद देतो. ज्याला सम माहीत नाही त्याला काही घडलं हेच कळत नाही. ट्रायग्लिफचं घसरणं तसंच. १५२० पर्यंत नियम इतके पक्के झाले होते, नकाशे आणि छापील चित्रं इतकी फिरत होती, की दरबारातला कोणीही शिकलेला माणूस ते ओळखू शकत होता. सेर्लिओचं पाच स्तंभपद्धतींवरचं पुस्तक १५३७ मध्ये छापून आलं. त्याच सेर्लिओने १५५१ मध्ये नुसत्या दरवाज्यांचं पुस्तक काढलं, त्यात ३० दरवाजे रांगडे आणि २० नाजूक, आणि बहुतेकांत काही ना काही खोडी. नियम छापणाराच नियमभंगही छापतो, यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

श्रोता बदलला होता, हेही लक्षात घ्या. फ्लॉरेन्स प्रजासत्ताक राहिलं नाही. १५३० च्या दशकात मेदिची ड्यूक झाले. ब्रोंझिनो हा पोन्तोर्मोचा शिष्य, ड्यूक कोझिमोच्या दरबाराचा चित्रकार. त्याने साधारण १५४५ मध्ये रंगवलेलं डचेस एलेओनोराचं चित्र पाहा. भरजरी वस्त्राचा धागा न् धागा दिसतो, चेहरा हस्तिदंती, भाव शून्य. इथे वजन शरीरातून निघून कपड्यात गेलंय. फ्रान्सच्या राजाने फॉन्तेनब्लोला रोस्सो आणि प्रिमातिच्चो यांना बोलावलं, प्रागला सम्राट रुडॉल्फच्या दरबारात फळाफुलांचे चेहरे रंगवणारा आर्चिम्बोल्दो रमला. सगळे दरबारच.

आता उतरणीचा प्रश्न. मे १५२७ मध्ये सम्राटाच्या बेभान फौजेने रोम लुटलं, त्याआधी १५१७ पासून ल्यूथरचं वादळ. त्यामुळे कलावंतांचा विश्वास उडाला आणि मॅनरिझम जन्मला, असं बऱ्याच पुस्तकांत असतं. तारखा जुळत नाहीत. रोस्सोचं व्होल्तेराचं, क्रूसावरून येशूला उतरवतानाचं कातर, कोनाकोनांचं चित्र १५२१ चं. जुलिओने रोम १५२४ मध्येच सोडलं होतं. पोन्तोर्मो १५२५ ला कामाला लागला. लुटीने शैली जन्माला घातली नाही, पसरवली. पार्मिजानिनो बोलोन्याला पळाला, पेरुत्सी सिएनाला, सान्सोव्हिनो व्हेनिसला, आणि रोस्सो शेवटी फ्रान्सला. वासारी सांगतो की रोस्सोला सैनिकांनी पकडून, अनवाणी, एका वाण्याच्या दुकानातला माल पाठीवरून वाहायला लावला. ज्याच्या चित्रांत कोणालाच भार जाणवत नाही, त्याच्यावर ही पाळी आली.

उतरण हा शब्द सतराव्या शतकातल्या टीकाकारांचा. १६७२ मध्ये बेल्लोरीने लिहिलं की रॅफेलनंतरच्या लोकांनी निसर्गाकडे पाठ फिरवली आणि ठरावीक ढबीने कला नासवली. त्याला नंतरच्या पिढीतल्या कार्राच्ची चित्रकारांची थोरवी सांगायची होती. खड्डा जितका खोल, तितका डोंगर उंच दिसणार. मग पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाच्या माक्स द्वोर्झाकसारख्या अभ्यासकांनी एल ग्रेकोसारख्या चित्रकारांना पुन्हा वर आणलं, आणि स्वतःच्या काळातली उद्ध्वस्त मनःस्थिती त्यांच्यात पाहिली. साठच्या दशकात जॉन शियरमनने सांगितलं की बाबांनो, ही संकटाची नाही, नजाकतीची कला आहे. मी बराचसा शियरमनच्या बाजूचा. फक्त पोन्तोर्मो आणि मायकेलँजेलोपाशी त्याचं म्हणणं मला तोकडं पडतं. त्या दोघांना नुसती नजाकत म्हणता येत नाही. सगळ्या शैलीला एकच मनःस्थिती लावण्याची घाई करू नये.

शिल्पात या सगळ्याचं टोक म्हणजे जांबोलोन्याचं सॅबाइन स्त्रीच्या अपहरणाचं शिल्प, फ्लॉरेन्सच्या लोज्जामध्ये, म्हणजे चौकातल्या उघड्या मंडपात, १५८३ पासून उभं. चार मीटरहून उंच, संगमरवराचा एकच ठोकळा, तीन माणसं: खाली दबलेला म्हातारा, मध्ये तरुण, वर हात फेकणारी स्त्री. समोरची बाजू अशी नाहीच. नजर फिरत वर जाते आणि पाहणाऱ्याला भोवती फिरायला लावते. विषय काय हेही शिल्पकाराने आधी ठरवलं नव्हतं, नाव मागाहून चिकटलं. रचनेचं कसब हाच विषय. संगमरवर जड असतो, त्याचा माणूस माणसाने उचलला आहे असं दाखवायचं आणि बुंधा मात्र वरच्या पसाऱ्यापेक्षा अरुंद ठेवायचा, यातली जोखीम शिल्पकारालाच कळेल.

बरोकशी फरक सांगायचा तर तिसरं शव पाहा. काराव्हाज्जोचं १६०३-०४ चं, आज व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहालयात असलेलं चित्र. निकोडेमस वाकलाय, गुडघ्यांखालून कवटाळलेले पाय जड आहेत, येशूचा हात लोंबून खालच्या दगडाला टेकलाय. वजन परत आलं! सावलीही परत आली. दरम्यान १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने फर्मावलं होतं की चर्चमधली चित्रं सामान्य भाविकाला समजतील अशी असावीत. जाणकारांपुरती हुलकावणी तिथे चालणार नव्हती. बरोकलाही नाट्य प्रिय आहे, पण ते सगळ्यांना एकाच वेळी कळणारं नाट्य. मॅनरिस्ट काम तुम्हाला बुचकळ्यात टाकून बाजूला उभं राहतं. बरोक तुमचा हात धरून ओढतं.

हा फरक दर्शनी भिंतीवर पाहायचा असेल तर रोममध्ये मादेर्नोचं सान्ता सुझान्ना आहे, १६०३ मध्ये पुरं झालेलं. कडेला चपटे भित्तिस्तंभ, मग मधल्या दाराकडे येत येत फुगीर खांब, भिंतही टप्प्याटप्प्याने पुढे. सगळा जोर मध्यावर. आता जुन्या गोव्याचं बॉम जेझू आठवा. १५९४ मध्ये सुरू, १६०५ मध्ये अभिषेक, म्हणजे अगदी तीच वर्षं. पर्यटनाच्या पत्रकांत त्याला सर्रास बरोक म्हणतात. दर्शनी भागासमोर उभे राहा: खाली तीन दारं, वर तीन मोठ्या खिडक्या, त्यावर तीन गोल झरोके, आणि माथ्यावर येशूसंघाची अक्षरं कोरलेला फलक. प्रत्येक मजल्याला स्वतःचे भित्तिस्तंभ, मजल्यामागून मजला सपाट रचलेला. भिंत मध्याकडे पुढे सरसावत नाही, आणि कोरीवकामाची सर्वांत जास्त गर्दी सगळ्यात वर, जिथे एरवी हलकं ठेवतात. मी याला उत्तर मॅनरिस्ट म्हणेन, पोर्तुगीज वळणाचं. आतली सोनेरी वेदी बरोक आहे, वाद नाही. एक सावधगिरी: आज दिसणारा तांबडा जांभा १९५० च्या दशकात गिलावा काढल्यामुळे उघडा पडला आहे. मुळात गिलाव्यातल्या भिंती पांढऱ्या दिसत असणार, आत्ताच्यापेक्षा बऱ्याच हलक्या. गिलावा गेल्याने पावसाळ्यात जांभ्याचं काय होतं ते स्थानिक लोक दरवर्षी पाहतातच.

परीक्षेसाठी एक व्यावहारिक सूचना. लॉरेन्शियनची भिंत काढताना बहुतेक मुलं सवयीने खांब भिंतीच्या पुढे काढतात आणि सगळंच हरवतं. आधी प्लॅनचा एक छोटा तुकडा काढा, खांब खाचेत आणि भिंत पुढे. त्याच्या बरोबर वर एलेव्हेशन, आणि ब्रॅकेटखाली काहीच नाही हे छेदात दाखवा. पालात्सो तेचा एकच गाळा पुरे, दोन खांब आणि मधला घसरलेला ट्रायग्लिफ. चित्रकलेत रॅफेल, पोन्तोर्मो आणि काराव्हाज्जो यांची तीन शवं शेजारी मांडा आणि उचलणाऱ्यांच्या पायांवर बाण काढा. पॅलाडिओबद्दल विचारलं तर विचेन्झाचं पालात्सो व्हाल्माराना लिहा: तिथे दर्शनी भागाच्या दोन्ही टोकांना मोठा भित्तिस्तंभ अपेक्षित असतो, आणि त्या जागी वरच्या मजल्यावर त्याने फक्त एक सैनिकाचा पुतळा उभा केलाय.